आगोट आणि समुद्रवाट : भारताकडे येणाऱ्या प्रवाशांचे पंचांग

गेल्या मे महिन्यात एका रविवारी, सकाळची मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब आम्हाला भेटावयास आले. जुन्या गोव्यात नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन झाले होते. पण घरातील आजारपणामुळे या मंडळींना त्या वेळी जाता आले नव्हते. आता मुलाला रजा मिळत होती ती नेमकी जुलैत. त्याने गाडीची तिकिटे काढण्याचे ठरविले होते. आजीबाईंना मात्र हा बेत मुळीच पसंत नव्हता. "आगोट लागल्यावर कुणी गोव्याला जातं का, फादर?" असे म्हणून त्यांनी निवाड्यासाठी आमच्याकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "फादर, आता काय गलबतातून जायचंय?"

त्या वेळी आम्ही काहीतरी समजुतीचे बोलून दोघांचेही मन राखले. परंतु आजीबाईंचा प्रश्न मनातून जाईना. ज्या संताच्या दर्शनासाठी हे कुटुंब निघाले होते, त्या संतालाही हाच प्रश्न पडला होता. केवळ त्यालाच नव्हे, तर पश्चिमेकडून आमच्या या पावसाच्या देशाकडे येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला, शिपायाला आणि धर्मगुरूला शेकडो वर्षे तो पडत आला होता. पावसाळ्याच्या आधी पोहोचायचे की नंतर? आणि अधेमध्ये गाठ पडलीच तर काय? या प्रश्नाचे उत्तर ज्याचे चुकले त्याला कधी वर्ष गमवावे लागले, तर कधी प्राण. आमच्या धर्माचा इतिहास आपण पुष्कळदा व्यक्तींच्या पराक्रमाचा म्हणून वाचतो. तो पावसाच्या वेळापत्रकाचाही इतिहास आहे, ही गोष्ट या निमित्ताने वाचकांपुढे मांडावी असे वाटते.

वाऱ्याचे दोन दरवाजे

उन्हाळ्यात आशिया खंडाची भूमी तापते, तिच्यावरची हवा विरळ होते आणि समुद्रावरील ओलसर, जड हवा तिकडे धाव घेते. हेच आमचे नैर्ऋत्य मोसमी वारे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते आफ्रिकेच्या बाजूने भारताकडे वाहतात. हिवाळ्यात भूमी थंड होते, समुद्र तुलनेने उबदार राहतो आणि वारे उलट, ईशान्येकडून, भारताकडून आफ्रिकेकडे वाहू लागतात. 'मोसम' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला; पोर्तुगीज खलाशांनीही तोच उचलून आपल्या भाषेत बसविला. शिडाच्या जहाजाला या वाऱ्यांइतका उत्तम सोबती नाही. जाताना एक वारा, येताना दुसरा. जणू देवाने समुद्रावर येण्याजाण्याची सोयच करून ठेवली आहे.

परंतु या सोयीत एक अडचण दडलेली आहे. जो वारा जहाजाला भारताकडे आणतो, तोच पाऊस आणि वादळ घेऊन येतो. जून-जुलैत तो ऐन भरात असतो आणि त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत शिरणे म्हणजे जहाज खडकावर नेऊन आपटणे. म्हणून शहाण्या खलाशाने एकतर वारा सुरू होताच, मे महिन्यात, पोहोचावे. नाहीतर तो ओसरताना, सप्टेंबरात, यावे. मधले दिवस बंद दाराचे.

हे ज्ञान पोर्तुगीजांनी शोधून काढलेले नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका अनामिक ग्रीकभाषी दर्यावर्दीने लिहिलेली तांबड्या समुद्राची मार्गदर्शिका, म्हणजे 'पेरिप्लस', आज उपलब्ध आहे. तिच्यात आपल्या सोपाऱ्याचे आणि कल्याणचे नाव आहे. भारताकडे जावयाचे असल्यास इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघावे, असे तीत सांगितले आहे. म्हणजे वारा पाठीशी मिळतो आणि किनारा गाठेपर्यंत पावसाचा जोर उतरलेला असतो. रोमन लेखक प्लिनी याने परतीचीही वेळ नोंदविली आहे : डिसेंबरात निघावे, निदान जानेवारीच्या मध्यापूर्वी तरी. दीड हजार वर्षांनंतर लिस्बनच्या जहाजांनी पाळलेली परतीची वेळही साधारण हीच होती. अरब, गुजराती आणि मलबारी नाखवे तर हे पंचांग पिढ्यान्‌पिढ्या पाठ म्हणत आले होते. अहमद इब्न माजिद या अरब नाविकाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात कोणत्या बंदरातून कोणत्या काळात निघावे याची बारकाईने चर्चा केलेली आहे.

तेवीस दिवस आणि तीन महिने

हे पंचांग मानले तर काय होते आणि न मानले तर काय होते, याचा धडा एकाच माणसाला एकाच सफरीत मिळाला. तो माणूस म्हणजे वास्को द गामा. ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघालेला हा कप्तान आफ्रिकेला वळसा घालून एप्रिल १४९८ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी येथे पोहोचला. तेथे त्याला हा समुद्र जाणणारा एक वाटाड्या मिळाला. (हा वाटाड्या म्हणजेच इब्न माजिद, अशी एक समजूत रूढ आहे, अभ्यासक आता ती स्वीकारीत नाहीत.) २४ एप्रिल रोजी मालिंदी सोडले, नैर्ऋत्य वारा नुकताच सुरू होत होता, आणि सुमारे तेवीस दिवसांत मलबारचा किनारा दिसू लागला. २० मे रोजी जहाजे कालिकतजवळ उभी राहिली. पावसाच्या अगदी तोंडावर त्यांनी समुद्र पार केला होता.

परतताना मात्र घाई झाली. कालिकतच्या सामुरी राजाशी बिनसले होते. २९ ऑगस्ट रोजी गामाने नांगर उचलला आणि कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ५ ऑक्टोबर रोजी त्याने खुल्या समुद्रात जहाजे घातली. नैर्ऋत्य वारा अजून पुरता सरला नव्हता, ईशान्य वारा अजून लागला नव्हता. कधी उलटा वारा, कधी वाराच नाही. येताना जो समुद्र तेवीस दिवसांत ओलांडला, तोच ओलांडावयास जवळजवळ तीन महिने लागले. ताजे अन्न संपले, हिरड्या सुजल्या, हातपाय काळवंडले. या एका टप्प्यात सुमारे तीस माणसे स्कर्व्ही रोगाने मेली आणि उरलेल्यांपैकी प्रत्येक जहाजावर काम करू शकतील असे जेमतेम सात-आठ जण राहिले. ७ जानेवारी १४९९ रोजी ते मालिंदीला पोहोचले. पुढे तीन जहाजे चालविण्याइतकी माणसेच नसल्याने 'सान राफाएल' हे जहाज त्यांनी स्वतःच्या हाताने जाळून टाकले. आणखी काही आठवडे किनाऱ्यावर थांबण्याची सवड असती, तर त्यांतील बरीच माणसे कदाचित घरी परतली असती.

लिस्बनचा मार्च, गोव्याचा सप्टेंबर

या धड्यानंतर पोर्तुगीजांचे भारतवारीचे वेळापत्रक ठरून गेले. लिस्बनहून मार्चमध्ये, फार तर एप्रिलच्या पूर्वार्धात निघावयाचे. अटलांटिक महासागर ओलांडून जुलैत केप ऑफ गुड होपला वळसा घालावयाचा. तेथे जुलैच्या मध्यापर्यंत पोहोचल्यास मादागास्कर बेटाच्या आतील बाजूने, मोझांबिकवरून यावयाचे. उशीर झाल्यास बेटाच्या बाहेरून, लांबच्या वाटेने. दोन्ही वाटांनी अपेक्षा एकच की, पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोवा किंवा कोचीन गाठावे. परतीची जहाजे मिरी भरून डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीत निघत. सारे जमून आले तर जाणे-येणे दीड वर्षात होई. फारच उशीर झाला तर मोझांबिकच्या बेटावर मुक्काम ठोकून पुढच्या वर्षीच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे.

या मुक्कामाला पोर्तुगीज 'हिवाळा काढणे' असे म्हणत. युरोपात समुद्र बंद होतो तो हिवाळ्यात. येथे बंद होतो तो पावसाळ्यात. म्हणून त्यांनी आमच्या पावसाळ्यालाच हिवाळा हे नाव देऊन टाकले. माणूस परक्या देशात गेला तरी शब्द घरचेच घेऊन जातो.

त्या काळच्या गोव्यातील पावसाळ्याचे वर्णन यान हुयखेन व्हान लिन्सखोटेन या डच तरुणाने केले आहे. तो १५८३ मध्ये गोव्यास आला आणि आर्चबिशपांच्या पदरी काही वर्षे राहिला. मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध साचून वाट बंद होई, जहाजांची शिडे-दोर उतरवून त्यांच्यावर झापे घातली जात आणि घराघरांत पावसाळ्याची बेगमी करून ठेवलेली असे. हे वाचताना आमच्या किनाऱ्यावरील कोणाही वाचकाला आपलीच आगोट आठवेल. सुके बोंबील, सुकट, मसाला, कांदे, माळ्यावर रचलेला लाकूडफाटा, शाकारलेली घरे आणि बंदरात ओढून घेतलेल्या होड्या. फरक इतकाच की, आपल्यासाठी ती घरी बसण्याची तयारी होती. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या त्या माणसांसाठी मात्र बाहेरच्या जगाशी असलेला धागाच तोवर तुटलेला असे.

संताचा चुकलेला मोसम

फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून निघाले ते ७ एप्रिल १५४१ रोजी. तो त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता. नवे गव्हर्नर मार्तीं अफोन्सो द सोझा यांच्या 'सांतियागो' जहाजावर त्यांना जागा मिळाली होती. पंचांगाच्या दृष्टीने निघण्यास आधीच थोडा उशीर झाला होता. त्यात पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याजवळ वारा पडला. मोझांबिकला पोहोचेपर्यंत पावसाळी वारा भारताकडे नेण्याच्या स्थितीत उरला नाही. हिवाळा तेथेच काढावा लागला.

मोझांबिकचे ते बेट म्हणजे आजाराचे घर. पाच मोठ्या जहाजांवरील माणसे तेथे सहा महिने अडकून पडली. झेवियर आणि त्यांचे दोन सोबती, इटलीचे पाद्री पावलो आणि पोर्तुगालचे फ्रान्सिस्को मान्सिल्यास, यांनी तेथील रुग्णालयात मुक्काम केला. मरणाऱ्यांचे पापनिवेदन ऐकणे, रुग्णांची अंथरुणे स्वच्छ करणे, त्यांना भरविणे हे त्यांचे काम झाले. पुढे स्वतः झेवियरही तापाने आजारी पडले. भारतात जाऊन करावयाच्या कार्याची स्वप्ने पाहत निघालेल्या माणसाला अर्धे वर्ष एका रोगट बेटावर थांबावे लागले. या थांबण्याबद्दल त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. परंतु १ जानेवारी १५४२ रोजी तेथून लिहिलेल्या त्यांच्या पत्रातही सूर तक्रारीचा नाही.

वारा फिरण्याची चिन्हे दिसू लागताच गव्हर्नरांनी त्यांना आपल्याबरोबर पुढे घेतले. रुग्णांची काळजी घेण्यासाठी दोन्ही सोबती मागे राहिले. मालिंदी, सोकोत्रा असे थांबे घेत ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यास पोहोचले. लिस्बन सोडल्याला तेरा महिने झाले होते आणि पाऊस महिनाभरावर आला होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाठविले होते त्यांना केवळ गोव्यासाठी नव्हे; दक्षिणेत, कन्याकुमारीच्या मोती काढणाऱ्या परवर लोकांत त्यांना जावयाचे होते. पण समुद्र बंद झाला. मेपासून सप्टेंबरपर्यंत ते गोव्यातच राहिले. आपल्या मनात त्यांचे जे चित्र आहे, हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने मुलांना हाका मारीत निघालेला धर्मगुरू, ते चित्र या पावसाळ्यातील आहे. राहणे रुग्णालयात, दिवसा तुरुंगातील कैद्यांच्या भेटी, रविवारी नगराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा आणि मग धर्मशिक्षण. धर्मशिक्षणाला तीनशेहून अधिक मुले जमत, असे त्यांनीच २० सप्टेंबर १५४२ च्या पत्रात कळविले आहे. पाऊस ओसरल्यावर ते दक्षिणेकडे निघाले. वाऱ्याने त्यांना ऑक्टोबरात गोव्यास आणले असते, तर गोव्याच्या त्या मुलांच्या वाट्याला हे चार महिने आले असते की नाही, कोण जाणे.

जानेवारीची पत्रे

झेवियर यांची पत्रे वाचणाऱ्याला आणखी एक योगायोग जाणवतो. १५ जानेवारी १५४४, कोचीन. २७ जानेवारी १५४५, कोचीन. पुन्हा जानेवारी १५४८, जानेवारी १५४९ आणि जानेवारी १५५२, तीही कोचीनहूनच. यात योगायोग काहीच नाही. जानेवारीत कोचीनहून लिस्बनची जहाजे सुटत. ती चुकली की पत्र एक वर्ष पडून राही. म्हणून वर्षभर मनात साठलेले सारे, कामाचा अहवाल, मदतनीसांची मागणी, सोबत्यांची आठवण, त्या काही दिवसांत कागदावर उतरत असे. युरोपातील विद्यापीठांत जाऊन तेथील विद्वानांना हलवून जागे करावे असे वाटते, हा प्रसिद्ध उद्वेग १५४४ च्या जानेवारीतील पत्रात आहे. या पत्राचे उत्तर मिळावयाचे तर ते जहाज लिस्बनला पोहोचावयाचे, तेथून पत्र रोमला जावयाचे आणि उत्तर पुढच्या मार्चच्या जहाजाने निघावयाचे. प्रश्न विचारल्यानंतर उत्तर हाती येईपर्यंत दोन-दोन, कधी त्याहूनही अधिक वर्षे जात.

या अंतराची सर्वांत हृदयद्रावक खूण इग्नेशियस लोयोला यांच्या एका पत्रात आहे. २८ जून १५५३ रोजी त्यांनी रोमहून झेवियरना लिहिले आणि आज्ञेच्या बळावर युरोपात परत येण्यास सांगितले. भारतातील गरजा त्यांनी समक्ष येऊन सांगाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. पण ज्यांना हे पत्र लिहिले ते ३ डिसेंबर १५५२ रोजी, म्हणजे जवळजवळ सात महिन्यांपूर्वीच, चीनच्या दाराशी सांच्याव बेटावर मरण पावले होते. मित्राने मित्राला 'परत ये' म्हणून हाक मारावी आणि ती हाक निघण्यापूर्वीच ऐकणारा गेलेला असावा, याहून दुःखद ते काय?

ते मरणही वाऱ्याच्या हिशेबापासून दूर नव्हते. एप्रिल १५५२ मध्ये ते गोव्याहून निघाले, कारण पूर्वेकडे जाण्याचा काळ तोच. तीन वर्षांपूर्वी जपानला जातानाही ते एप्रिलमध्येच निघाले होते. मलाक्काहून २४ जून १५४९ रोजी एका चिनी जहाजावर ते चढले. त्या जहाजाचा मालक वाटेत बेटाबेटांवर रेंगाळू लागला आणि पुढे चीनमध्येच हिवाळा काढण्याचा बेत करू लागला. मोसम हातचा जातो की काय, या चिंतेने झेवियर व्याकूळ झाले. चाच्यांच्या बातमीने घाबरून मालकाने अखेर जहाज पुढे हाकले आणि १५ ऑगस्ट रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, ते कागोशिमाला उतरले. १५५२ मध्ये असे दैव उभे राहिले नाही. मलाक्कात अडवणूक झाली, दिवस गेले. सांच्यावला पोहोचल्यावर गुपचूप कँटनला नेणाऱ्या चिनी होडीची ते वाट पाहत राहिले. ती आली नाही. व्यापाऱ्यांची जहाजे ईशान्य वाऱ्याने एकेक करून परत निघून गेली होती.

त्यांचा देह मार्च १५५३ मध्ये मलाक्कास आणण्यात आला आणि गोव्यास पोहोचला १६ मार्च १५५४ रोजी. मधले एक वर्ष कशासाठी? मलाक्काहून भारताकडे येणारी जहाजे वर्षअखेरीच्या वाऱ्याने सुटत. संताच्या देहालाही मोसमाची वाट पाहावी लागली.

ख्रिस्तपुराणाच्या कवीची सफर

मराठी ख्रिस्ती वाचकांना अत्यंत जवळचे असलेले फादर थॉमस स्टीफन्स हेही याच वाटेने आले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले. २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले आणि १० नोव्हेंबर रोजी त्यांनी इंग्लंडमधील आपल्या वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. केपला वळसा घालीपर्यंत जुलै संपत आला होता. म्हणून त्यांच्या जहाजाने मादागास्करच्या बाहेरची लांब वाट धरली. किनारा जवळ आल्याच्या खुणा दिसू लागल्या आणि सर्वांना वाटले भारत आला. प्रत्यक्षात प्रवाहाने त्यांना सोकोत्रा बेटाकडे ओढून नेले होते. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. इतर सफरींच्या मानाने हे थोडेच, असे तेथील लोक मानीत, अशी नोंद ते करतात. सत्तावीस मृत्यू 'थोडे' ठरावेत, यावरून त्या वाटेची कल्पना यावी.

त्यांच्या एक वर्ष आधी चीनचे पुढील महान मिशनरी मात्तेओ रिच्ची मार्चच्या अखेरच्या आठवड्यात लिस्बनहून निघून १३ सप्टेंबर १५७८ रोजी गोव्यास पोहोचले होते. निघण्यात आठवड्या-दीड आठवड्याचा फरक, पोहोचण्यात जवळजवळ सहा आठवड्यांचा. अर्थात केवळ निघण्याच्या तारखेवर सारे अवलंबून नसे. वर उल्लेखिलेला लिन्सखोटेन १५८३ मध्ये ८ एप्रिलला, म्हणजे स्टीफन्स यांच्याहूनही उशिरा निघाला. पण मोझांबिकवरची आतली वाट साधल्यामुळे २१ सप्टेंबर रोजी गोव्यात होता. माणसाने पंचांग पाळावे; तरीही वारा आपल्या मर्जीने वाहतो, हे दोन्ही खरे.

त्या सत्तावीस जणांत तीस वर्षांचा एक इंग्रज तरुण असता, तर १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेलेले 'ख्रिस्तपुराण' मराठीला मिळाले नसते. आमच्या भाषेचा एवढा मोठा ठेवा एका जहाजावरील शिळ्या पाण्याच्या पिंपांवर आणि हिरड्यांच्या सुजेवर अवलंबून होता, या विचाराने मन थरारते.

वादळाच्या वाटेवरचे जहाज

पंचांग मोडल्याची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण तिचा शेवट वसईच्या घराण्याशी जाऊन भिडतो. फिलिपाइन्समधील मनिला येथून मेक्सिकोच्या आकापुल्कोला दरवर्षी स्पॅनिश जहाजे जात. तेथेही पावसाळा जूनपासून, आणि त्याच्या उत्तरार्धात तुफाने उठतात. म्हणून जून संपण्यापूर्वीच निघावे, असा अनुभवी खलाशांचा आग्रह असे. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे मालाने खच्चून भरलेले जहाज १२ जुलै रोजी निघाले. वाटेत एकामागून एक वादळांनी त्याला झोडपले, सुकाणू गेले, डोलकाठी गेली आणि ऑक्टोबरात ते जपानच्या तोसा प्रांतातील किनाऱ्याला लागून फुटले.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने माल जप्त केला. परदेशी धर्मप्रसारकांविषयी त्याच्या मनात संशय आधीपासूनच होता. १५८७ मध्येच त्याने त्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. आता त्या संशयाने पेट घेतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन व्रतस्थ होते. त्यांपैकी एक फेलिपे द हेसूस, याच जहाजातून गुरुदीक्षा घेण्यासाठी मेक्सिकोला निघालेले. आणि दुसरे वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया, जे १५९३ पासून आपल्या सोबत्यांचे दुभाषी म्हणून जपानमध्ये सेवा करीत होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

वादळ नसते तर छळ झालाच नसता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. राजसत्तेचा राग अनेक कारणांनी साठत आला होता. पण त्या रागाला निमित्त मिळाले ते उशिरा निघालेल्या एका जहाजाचे. गोन्सालो त्या जहाजावर नव्हते, त्याच्या मालात त्यांचा वाटा नव्हता, निघण्याची तारीख ठरविण्यात त्यांचा हात नव्हता. दुसऱ्यांच्या घाईची किंमत निरपराध्याला द्यावी लागली. त्यांनी ती कशी दिली, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आजचा प्रवासी

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी आल्या आणि केपच्या वाटेचे ते जुने पंचांग मागे पडले. तरीही पाऊस पुरता हरला नाही. मुंबईहून रत्नागिरी-मालवणवरून पणजीला जाणारी आगबोट पावसाळा लागला की बंद होई, हे जुन्या पिढीला आठवत असेल. जून-जुलैत आजही मासेमारीला सरकारी बंदी असते आणि आमचे कोळी बांधव होड्या वर ओढून जाळी विणीत बसतात. कोकण रेल्वेदेखील दरवर्षी पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक काढते. दरडींच्या भयाने गाड्या सावकाश धावतात. सोळाव्या शतकातील नाखव्याने हे वेळापत्रक पाहिले असते, तर त्याला ते सहज समजले असते.

आजीबाईंच्या कुटुंबाला आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा बोलाविले आणि जे येथे लिहिले त्यातील थोडे सांगितले. मुलाने शनिवारी निघून सोमवारी कामावर हजर होण्याचा हिशेब मांडला होता. आम्ही त्याला म्हणालो, "बाबा, पावसात जा, पण मागेपुढे एकेक दिवस मोकळा ठेव. गाडी उशिरा आली तर आईवर आणि आजीवर चिडण्याची पाळी येऊ नये." आजीबाईंसाठी घसरणार नाहीत अशा चपला, औषधांची जादा पुडी आणि कोरडा कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत, एवढी बेगमी सुचविली. आजीबाई अजूनही घुटमळत होत्या. त्यांना आम्ही एकच गोष्ट सांगितली : "झेवियरबाबांनी गोव्यातला पहिला मुक्काम काढला तो पावसाळ्यातच."

जुलैच्या अखेरीस ती मंडळी गेली. गाडी काही तास उशिरा पोहोचली; मोकळा ठेवलेला दिवस कामी आला. परत आल्यावर आजीबाई सांगत होत्या की, बॉम जेझू बॅसिलिकात गर्दी नव्हती, बाहेर पावसाचा आवाज चालला होता आणि संताच्या पेटीसमोर त्यांना हवा तितका वेळ बसता आले. उठा म्हणून कुणी घाई केली नाही.